तळखडा

"खांब कुसूक नाय रे, कुसयल्यानी."

मेस्त्री हे मला उद्देशून म्हणाले नव्हते. हाताखालच्या पोराला म्हणाले, तेही वाकून, खांबाच्या बुडाशी बोट दाखवत. मी नेमका त्याच वेळी चहाचे कप घेऊन माजघरातून पडवीत येत होतो. मला बघून ते गप्प झाले, कप घेतला, साखर बरोबर आहे म्हणाले. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. कुजला नाही, कुजवला. क्रियापदाला एक अक्षर जास्तीचं लागलं आणि इतके दिवस पावसावर असलेला आळ माझ्यावर आला. पावसाला काय, तो दरवर्षी येतोच. मी डोंबिवलीहून वर्षातून दोनदा येतो.

झालं होतं असं. गेल्या मे महिन्यात पुतण्या आणि भाचरं पडवीत कॅरम खेळत होती. सोंगटी उडाली आणि घरंगळत खांबामागे गेली. ती काढायला मी उकिडवा बसलो, आधाराला डावा हात खांबाच्या बुडाशी टेकला, आणि अंगठा आत गेला. मोडल्याचा, तडकल्याचा काही आवाज नाही. चहात जरा जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटात बोट जावं तसा गेला. वरचा चॉकलेटी रंग मात्र शाबूत होता, चकचकीत. अंगठ्याभोवती त्याची चामडी आत दुमडली होती. मी अंगठा बाहेर काढला तर नखाखाली तपकिरी भुगा. चौकोनी भेगा पडलेले, अर्धवट जळलेल्या कोळशासारखे बारीक तुकडे होते. चिमटीत धरले की त्यांचं पीठ होई. वास तपकिरीच्या डबीत पाणी गेल्यासारखा. पोरांना वाटलं मी सोंगटी शोधतोय. मी तिथेच बसून राहिलो आणि वर बघितलं. तुळई, तिच्यावर वासे, वाशांवर रिपा, रिपांवर मंगलोरी कौलं, आणि हे सगळं ज्याच्या डोक्यावर, त्याच्या पायात माझा अंगठा जात होता.

पडवीला असे चार खांब. आजोबांनी घर बांधलं तेव्हाचे, म्हणजे ऐंशी वर्षांच्या पुढचे. बाबा ते बर्मा टीकचे आहेत असं सांगायचे, आणि सांगताना खांबावर थाप मारायचे. आम्हाला बर्मा म्हणजे काय ते कळायच्या आधी तो खांब होता. मेस्त्रींनी मात्र रंधा मारून निघालेली पहिली साल नाकाशी नेली आणि निकाल लावला, "बर्मा खंयचो? हो हयलोच साग." मला उगाच बारीकसं दुःख झालं. घरोघरच्या जुन्या लाकडाला बर्मा चिकटवायची आपल्याकडे सवयच आहे, आणि ती थोडी विचित्रही आहे. १८८५ साली ब्रह्मदेशाच्या दरबारानं सागाच्या तोडीवरून एका इंग्रजी कंपनीला दंड ठोठावला, इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं, आणि थिबा राजाचं राज्य गेलं. सागवानाच्या देशाचा राजा रत्नागिरीत आणून ठेवला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये उभा राहिला आणि १९१६ मध्ये तो तिथेच गेला. शेवटची तीस वर्षं त्यानं कोकणचा पाऊस बघितला. त्याच्या देशाच्या नावावर आमचे आजोबा, बाबा आणि मी खोटी ऐट मिरवत आलो, एवढाच काय तो आमचा संबंध.

तर बाबा. निवृत्त झाल्यावर ते गावालाच राहिले आणि अक्षय्य तृतीया झाली की त्यांचं खांबांचं काम निघायचं. लाकूड सगळ्यात कोरडं असतं ते तेव्हा. होळीपासून तापलेलं असतं, चिरा पडलेल्या असतात, तेल घातलं की ढोसतं. मृग लागायच्या आत ते वाळायला हवं, म्हणून उशीर केलेला त्यांना चालत नसे. वरच्या भागाला अळशीचं तेल, पेंटर ज्याला बेलतेल म्हणतात ते, आणि त्यात चिमूटभर काव. मला वाटायचं काव नुसती रंगाला. ऊन लाकडाचा वरचा थर खातं, त्यानंच ते राखाडी पडतं, आणि कावेसारखा मातकट रंग त्या उन्हाला अडवतो, हे फार पुढे कळलं. खाली गुडघाभर उंचीपर्यंत मात्र डिंबेल. काजूच्या टरफलाचं ते काळं, दाट, नाकात जाणारं तेल. काजूच्या कारखान्यातून डब्यात यायचं, रॉकेल घालून पातळ केलं जायचं. होड्यांनाही तेच लावत. वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही. माणसानंही राहू नये. बिब्ब्याच्या घराण्यातलं ते, कातडीवर पडलं की फोड आणतं. बाबा आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळायचे, मग काठीला चिंधी बांधून लांबून लावायचे. तरी एखाद्या वर्षी मनगटावर टपोरा फोड यायचाच. आई वैतागायची. खोबरेल, डिंबेल, अळशी, रॉकेल, शिवाय बाहेर तापलेल्या जांभ्याचा वास: मे महिन्याचा वास म्हटलं की माझ्या नाकात आधी हा येतो, आंब्याचा नंतर.

ते झालं की झापं. नैर्ऋत्येकडून पाऊस सरळ पडवीत शिरतो, म्हणून विणलेल्या झावळ्या त्या अंगाला तुळईपासून खाली बांधायच्या. पडवीत एकदम हिरवा काळोख व्हायचा. बाहेर पाऊस धो धो, आणि आत झापांच्या फटींतून वारा मात्र येत राहायचा. भिजलेली जमीन दुपारपर्यंत पांढरी पडायची. आता निळी ताडपत्री बांधतात. मीच आणली. पाणी थेंबभर आत येत नाही, वाराही येत नाही. आतल्या बाजूला घाम सुटतो ताडपत्रीला, आणि ऑगस्टात पडवीला ओल्या गोणपाटाचा वास मारतो. ती फडफडते म्हणून मी खालून विटा ठेवून आणखी घट्ट केली होती.

बाबा २०११ मध्ये गेले. कपाटातले त्यांचे घरी घालायचे सदरे काढले, तर बहुतेकांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, एक लालसर तपकिरी उभा पट्टा. आईनं कधीकाळी घासून घासून तिथला कपडा विरवला होता. घामाचा असेल, गंजाचा असेल, कोणी फार विचार केला नाही. देण्यासारखे नव्हते, म्हणून पुसायला घेतले.

पुढच्याच वर्षी मी घराकडे लक्ष द्यायचं ठरवलं. म्हणजे पैसे द्यायचं. पडवीचा कोबा उखणला होता, काकी एकटी राहणार, तिला सारखं झाडायला सोपं पडावं म्हणून फरशी घालायची ठरली. जुन्या जमिनीवरच भर घातली, वर सिमेंट, वर फरशी. खांबांच्या बुडाशी दगड वर आलेले होते, लहानपणापासून त्यांना ठेच लागायची. भर घातल्यावर ते बुडाले. गवंड्यानं खांबाभोवती सिमेंटची छान गोल किनार केली, पाणी मुरू नये म्हणून. मग पेंटर आला. त्याला मी बाबांच्या तेलाचं सांगितलं तर तो हसला. ऑइलपेंटचे दोन हात मारतो म्हणाला. "धा वर्सां बघूक नको."

त्यानं शब्द पाळला. अकरा वर्षं मी बघितलं नाही.

मेस्त्रींनी पहिल्या दिवशी काही तोडलं नाही. वाकसाच्या दांड्यानं खांब वरून खाली वाजवत आले. छातीच्या उंचीला टण टण. कमरेशी टण. गुडघ्याखाली भद. मग पुढचा खांब. चारांपैकी दोन भद निघाले, तिसरा संशयित, आणि चौथा, विहिरीकडचा, शेवटपर्यंत टणटणीत. चौथ्याच्या बुडाशी सिमेंटला तडा गेलेला होता आणि त्याच्यावरचा रंग पोपडे येऊन निम्मा पडला होता. चारांत सगळ्यात दरिद्री दिसणारा तोच. काकी मला दरवर्षी सांगायची, एवढा एक तरी रंगवून घे, गणपतीत लोक बघतात. सुदैवानं मी तेही केलं नाही.

याच्यामागचं कारण नंतर मी वाचून काढलं, पण मेस्त्रींनी ते एका वाक्यात संपवलं होतं: "वरसून येता ता पाणी जाता. खालसून येता ता ऱ्हवता." लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची मोळी. अंगावर पडलेलं पाणी ओघळतं; पण कापलेल्या तोंडाकडून, म्हणजे खांबाच्या बुडातून, ते दिव्यातल्या वातीसारखं वर चढतं. ते सिमेंटातून, भिजलेल्या भरावातून चढत राहिलं. पूर्वी चढलं असतं तरी अंगातून सुकून गेलं असतं. आता अंगाला रंगाची पिशवी घातलेली. लाकडात पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या खाली असला तर बुरशीला तिथे संसार थाटता येत नाही. त्याच्या बराच वर गेला आणि तिथेच राहिला की ती खायला लागते. ती आतून खात गेली, बाहेरचा चॉकलेटी पापुद्रा तेवढा सोडला. ऐंशी वर्षं कोकणच्या पावसात उभा राहिलेला साग मी अकरा वर्षांत, त्याची काळजी घेऊन, संपवला.

याच दिवसांत सिएटलजवळ राहणाऱ्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. मी खांबाचं सांगितलं तर त्यानं फोन फिरवून त्याचा डेक दाखवला. डेक म्हणजे पडवीच, पण छपराशिवाय. मला ही कल्पनाच आगाऊपणाची वाटते. सीडरच्या फळ्या, त्यांच्यावर हिरवी शेवाळ, आणि फळ्यांच्या फटींत झाडांच्या सुया गच्च बसलेल्या. त्यानं भाड्यानं मशीन आणून पाण्याच्या फवाऱ्यानं शेवाळ उडवली होती, तर लाकूडच लोकरीसारखं पिंजारून निघालं. आता तो गुडघ्यावर बसून फटींतल्या सुया सुरीनं कोरत होता, कारण त्या ओल धरून ठेवतात आणि फळी कडेकडेनं जाते. मी मोठेपणानं विचारलं, पाऊस किती तुमच्याकडे? वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर. मी हसलो. तेवढा आमच्याकडे एकट्या जुलैत होऊन जातो. पण मामा, तो म्हणाला, इथे ऑक्टोबर ते मे भुरभुर चालूच असते, ऊन नसतं, फळी वाळतच नाही. तेव्हा माझं हसू जरा आवरलं. आमचा पाऊस चार महिने झोडपतो खरा, पण पुढचे आठ महिने ऊन सगळा हिशेब चुकता करतं. मी ते ऊन आत जायचीच वाट बंद केली होती. शेजारी आता लाकूड काढून प्लास्टिकमिश्रित फळ्या टाकतायत, त्यांना तेल लागत नाही, असं तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला. दहा वर्षं बघायला नको असं कोणीतरी सांगितल्यावर माणसाला जे बरं वाटतं, तोच.

कामाला अकरा दिवस लागले. तुळईला दोन धिरे दिले, खाली ट्रकचा जॅक लावला आणि मेस्त्रींनी ती दोन सूत उचलली. दोन सूत म्हणजे पाव इंच. वर कौलं एकदम कुरकुरली, धूळ आणि कधीकाळचं चिमणीचं घरटं खाली आलं, काकी देवाचं नाव घेत खळ्यात जाऊन उभी राहिली. मग फरशी फोडली. सिमेंटची ती छान किनार छिन्नीनं काढली, भराव उकरला, आणि हातभर खड्ड्यात काळ्या दगडाचा चौरस माथा दिसला. मेस्त्रींच्या पोरानं पाणी ओतून तो हातानं पुसला. तळखडा. वरचा पृष्ठभाग अगदी किंचित उतरता घडवलेला, चारी बाजूंना, पाणी क्षणभर थांबू नये म्हणून. मध्ये एक चौकोनी खोबण, खांबाचं कुसू बसायला. कडेला कोण्या पाथरवटाच्या छिन्नीच्या तिरक्या रेघा तशाच्या तशा. जुन्या जमिनीपासून तो चार बोटं वर होता. त्या चार बोटांनाच आम्ही लहानपणी ठेचाळायचो, आणि अडथळा म्हणून मी ती गाडून टाकली होती. मेस्त्री दगडाकडे बघत होते, माझ्याकडे बघायचं टाळत होते, आणि मला वाटतं तेवढी सभ्यता माझ्या वाट्याला क्वचितच आली असेल.

कुजकं दीड फूट कापून काढलं. मांगराची, म्हणजे शेतावरच्या खोपट्याची, मोडतोड झाली तेव्हाचा ऐनाच्या लाकडाचा सर पडून होता, त्यातला तुकडा जोडाला घेतला. सांधा आडवा सरळ घातला नाही, तिरका घातला, आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवला, म्हणजे फटीत गेलेलं पाणी उतारानं बाहेरच येईल. खिळा एक नाही, लाकडी खुंट्या. नवीन बुडाच्या कापलेल्या तोंडाला डिंबेल दोन दिवस पाजलं. पाजलं हाच शब्द मेस्त्रींचा. फरशी मी पूर्ण काढू शकलो नाही, ऐपत आणि काकी दोघांचीही हरकत होती. पण प्रत्येक खांबाभोवती वीतभर मोकळी केली आणि जुन्या तळखड्यावर दुसरा घडीव दगड चढवून तो फरशीच्या वर चार बोटं आणला. तीनच दिवसांत काकीला त्याची ठेच लागली.

रंग खरवडायचं काम मी माझ्याकडे घेतलं. प्रायश्चित्त वगैरे म्हणायचं तर म्हणा, खरं म्हणजे मजुरी वाचत होती. फुटक्या काचेच्या तुकड्यानं लाकूड खरवडायची कला मेस्त्रींनी शिकवली. काच कागदासारखी पातळ साल काढते, पत्रीसारखी घाव घालत नाही. चॉकलेटीखाली पांढरट प्रायमर, त्याखाली काळपट तेलाचा थर, आणि त्याखाली मधासारखा साग. एका खांबाला चार दिवस. खांद्याच्या उंचीवर पेन्सिलीच्या आडव्या खुणा निघाल्या, आमच्या उंच्यांच्या, रंगाखाली झाकलेल्या. माझी १९७९ सालची खूण अर्धी माझ्याच हातून खरवडली गेली.

मग तेल. पातळ हात द्यायचा, वीस मिनिटं थांबायचं, लाकडानं जे घेतलं नाही ते कापडानं पुसून काढायचं, ही शिस्त. जास्तीचं तेल वर राहिलं तर वाळत नाही, चिकट बसतं, आणि नुसत्या अळशीच्या तेलावर पावसाळ्यात काळी बुरशीही धरते. पहिल्या दिवशी पुसलेल्या चिंध्या मी कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या. मेस्त्रींनी त्या धावत जाऊन उचलल्या आणि गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, एकेक सुटी वाळत घातली. अळशीचं तेल वाळताना तापतं. चोळामोळा करून ठेवलेली चिंधी काडी न लावता पेट घेते. बाबांच्या वेळी गडग्यावर मे महिन्यात कायम ती कळकट फडकी का पसरलेली असायची, ते मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळलं. बाबांना मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, हा बघतोच आहे.

शेवटचा हात मी एकट्यानं दिला, मेस्त्रींचा हिशेब झाल्यावर. खांब इतके सुंदर दिसत होते की हात आवरला नाही. भरपूर लावलं. पुसायचं होतं, पण आभाळ भरून आलं, वाळत घातलेली आमसुलं आत घ्यायची होती, दुसऱ्या दिवशीची गाडी होती. राहिलं.

गणपतीला सगळे जमलो. पाऊस असा की खळ्यातली तुळस दिसत नव्हती. या वेळी ताडपत्री नाही, झापं मिळाली. विणणारे आता कमी, गावात विचारत फिरावं लागलं आणि पैसेही ताडपत्रीपेक्षा जास्त पडले. पागोळ्या दगडावर पडत होत्या आणि चारी उतारांवरून निघून जात होत्या. मी बराच वेळ तेच बघत बसलो. आरती झाली, प्रसाद झाला, चुलतभाऊ मुंबईच्या गप्पा मारत खांबाला टेकून बसला, पाय पसरून, बाबा बसायचे त्याच खांबाला. अर्ध्या तासानं तो पान आणायला उठला आणि त्याची बायको ओरडली. पांढऱ्याशुभ्र नव्या झब्ब्यावर, पाठीच्या मधोमध, दोन खांद्यांच्या मधे, लालसर तपकिरी उभा पट्टा.

तो झब्बा काढून पाण्यात बुडवायला निघाला होता. काकीनं दारातून बघितलं, हातातलं निरांजन खाली ठेवलं.

"सोडो लावन घासू नको रे," ती म्हणाली. "तो जाणा नाय."